देलिमाची चिखलशाळा

तेओफिलच्या लेकीला, देलिमाला, लहानपणी गोवर हवा होता. तिच्या धाकट्या बहिणीला, कोरिनला, गोवर निघाला आणि अख्खं प्वांत-ग्री गाव तिला भेटायला लोटलं. कुणी संत्री आणली, कुणी काकवीची बिस्किटं, शेजारच्या म्हातारीने तर केसांना बांधायची रेशमी फीत आणली. देलिमा दाराशी उभी राहून हे सगळं बघत होती. दुपारी आई गोठ्यात गेली तशी ती हळूच बहिणीच्या पांघरुणात शिरली आणि तिच्या उशीला नाक लावून पडून राहिली. गोवर आला, पण कोरिन बरी होऊन अंगणात खेळायला लागल्यावर. तोवर गावातली संत्रीही संपली होती आणि लोकांची हौसही. देलिमाच्या वाट्याला आली ती काळोखी खोली आणि आईची बोलणी.

ही गोष्ट देलिमा स्वतःच सांगायची आणि सांगताना हसायची. पण "संत्री मात्र तिनेच खाल्ली" या वाक्याला आली की म्हातारपणीसुद्धा तिचा आवाज जरा चिरकायचा.

तिला कशाची कमी होती असं नाही. नवरा रेआल बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा, स्वभावाने थंड आणि जिभेने तिखट. मुलगा पश्चिमेकडे तेलविहिरींच्या कामावर होता, दर रविवारी फोन करायचा. खाडीवर उघडणाऱ्या खिडक्यांचं घर होतं. पण कुणाच्या ताटात काय वाढलंय हे बघितल्याशिवाय देलिमाला स्वतःच्या ताटातलं गोड लागत नसे.

गावच्या शाळेत ती बालवर्गाच्या बाईंची मदतनीस होती. पुढे मुलं कमी पडली म्हणून शाळा बंद झाली. सहा वर्षांच्या पुढची मुलं बसने शहरात जायला लागली, त्याखालची घरात टीव्हीसमोर बसली. तेव्हा देलिमा चर्चच्या पाद्रीबाबांकडे गेली आणि म्हणाली, "मला खोली नको. फार पाऊस झाला तर सभागृहाची पडवी तेवढी द्या. माझी शाळा बाहेर भरेल."

"बाहेर म्हणजे कुठे?"

"चिखलात."

आमच्या फंडीच्या खाडीत भरती घराच्या उंचीची येते आणि ओहोटीला पाणी क्षितिजापर्यंत मागे जातं. मागे उरतो तो तांबूस, लोण्यासारखा चिखल. चार-पाच वर्षांची पोरं गुडघ्यापर्यंत बूट घालून देलिमाच्या मागे त्यात उतरायची. गावाने तिला चिखलशाळा असं नाव ठेवलं. आधी चेष्टेने, मग सवयीने.

ती शिकवायची छान, हे तिच्या वैऱ्यानेही कबूल केलं असतं. चिखलाचा गोळा तळहातावर घेऊन थेंब थेंब पाणी सोडायची. त्यातून तांदळाच्या दाण्याएवढे झिंगे वळवळत बाहेर आले की पोरं श्वास रोखून बघायची. दगड उचलला तर जसा होता तसा परत ठेवायचा. "ते कुणाचं तरी छप्पर आहे. तुझं छप्पर कुणी काढून उलटं ठेवलं तर चालेल का?" खेकडा हातात घेतलाच तर जिथून घेतला तिथेच सोडायचा.

आणि उन्हाळा उतरणीला लागला की टिलवे यायचे. चिमणीएवढे राखी पक्षी, लाखांनी. उत्तरेच्या थंड मुलखात अंडी-पिल्लं उरकून ते इथे उतरतात, ओहोटीला चिखलातले झिंगे खाऊन टुणटुणीत होतात आणि मग समुद्रावरून, कुठेही न टेकता, दक्षिणेकडच्या खंडापर्यंत उडत जातात. भरतीला चिखल बुडाला की त्यांना विसाव्याला फक्त काठावरची गोट्यांची पट्टी उरते. तिथे ते अंगाला अंग लावून बसतात. त्या वेळी त्यांना उठवायचं नाही, हा इथला नियम.

नियम पोरांना कसा समजावायचा? देलिमा प्रत्येकाला काकवीच्या पावाचा अर्धाच तुकडा द्यायची आणि म्हणायची, "बसा, खा." बसले की टाळी वाजवायची. टाळी झाली की उठून बांधापर्यंत पळत जायचं आणि परत यायचं. पुन्हा बसले की पुन्हा टाळी. थोड्या वेळाने एखादं पोर हटून बसायचंच. "मी नाही पळणार. मला भूक लागली."

"टिलवेही हेच म्हणतात," देलिमा सांगायची आणि पावाचा उरलेला अर्धा तुकडा त्याच्या हातावर ठेवायची.

अशी बरीच वर्षं गेली. मग तिचा धाकटा भाऊ प्लासिद परत गावी आला आणि येताना बायको घेऊन आला.

सोलांज क्वेबेककडची, वृद्धाश्रमात काम केलेली, चाळिशीची, अंगाने भरलेली आणि मोकळ्या हसण्याची. प्लासिद खेकड्यांच्या बोटीवर लागला, आठवडा आठवडा समुद्रावर असायचा. सोलांज घरात एकटी. प्लासिदच म्हणाला, "हिला तुझ्या चिखलशाळेत घे की, देलिमा. तुला आणखी एक हात मिळेल."

"हात मिळेल," देलिमा म्हणाली, "पण चिखलात पाय टाकता येतो का तिला?"

येत नव्हता. पहिल्याच दिवशी सोलांजचा बूट चिखलात रुतला, पाय निघाला आणि बूट आत राहिला. ती तोल जाऊन बसली ती कमरेपर्यंत. पोरं आधी घाबरली. मग सोलांजलाच हसू फुटलं, तशी पोरंही लोळायला लागली. देलिमा वर्षानुवर्षं पोरांना तोल कसा सांभाळायचा ते शिकवत आली होती. पडायला कुणी शिकवलं नव्हतं. ते सोलांजने एका सकाळीत शिकवलं.

त्याहून वाईट म्हणजे सोलांजला काही माहीत नव्हतं. ती पोरांनाच विचारायची. "अगं, हे काय आहे? चावतं का? त्याचं तोंड कुठल्या बाजूला?" आणि पोरं तिला सांगायची. वर्षभर देलिमाने विचारलं तर बुटाच्या टोकाकडे बघणारा मुखदुर्बळ लेओपोल सोलांजला झिंग्याच्या मिशांबद्दल घडाघडा सांगत होता. देलिमाने शिकवलेलंच सगळं, शब्दन् शब्द. पण ऐकणारी दुसरीच.

देलिमाला मुलं मावशी म्हणायची. सोलांजला नुसतं सोलांज. यात मान कुणाचा आणि जवळीक कुणाशी, हे कळायला देलिमाला पंडित व्हायची गरज नव्हती.

एके दिवशी एका आईने सकाळी मुलाला सोडताना विचारलं, "आज सोलांज आहे ना? नाही तर हा येतच नव्हता." देलिमा गोड हसली आणि तिच्या पाठीमागे सभागृहाचं दार असं लावलं की खिडकीची काच थरथरली.

घरी ती रेआलला म्हणाली, "ती पोरांना लाडावून ठेवते. निसर्गाचं काय शिकतात? चिखलात लोळायला?"

रेआल सूप पीत होता. "मग तूही लोळ. कुणी अडवलंय?"

तो बोलून गेला, पण देलिमाच्या डोक्यात ते बसलं. दोन दिवसांनी पोरांसमोरून चालताना तिने मुद्दाम पाय सैल सोडला आणि पडली. चांगली सपशेल, गालाला चिखल लागेपर्यंत. मग हसायला लागली, सोलांज हसते तशी.

एकही पोर हसलं नाही. सगळी धावत आली आणि गोल करून उभी राहिली. "मावशी, लागलं का?" लेओपोलने विचारलं. अझेली नावाची शेजारच्या घरातली पाच वर्षांची मुलगी रडवेली झाली. "म्हातारी माणसं पडली की हाड मोडतं," ती म्हणाली, "आमच्या आजीचं मोडलं." आणि सोलांजने येऊन, आश्रमातल्या सवयीने, काखेत हात घालून देलिमाला अलगद उभं केलं.

त्या दिवशी घरी जाऊन देलिमाने अंगावरचा चिखल तीनदा धुतला. रेआलला तिने काही सांगितलं नाही. त्याला ते संध्याकाळपर्यंत दुसऱ्या कुणीतरी सांगितलंच. त्याने फक्त भुवया उचलल्या आणि गप्प राहिला. हे गप्प राहणं तिला टोमण्यापेक्षा जास्त लागलं.

त्या वर्षी वसंतात मोठं वादळ झालं होतं. खाडीत शिरलेल्या जमिनीच्या टोकाजवळची गोट्यांची पट्टी, टिलव्यांच्या विसाव्याची, समुद्राने ओरबाडून नेली आणि जुन्या धक्क्यामागे आणून टाकली. धक्क्यामागे पूर्वी नुसता गाळ आणि कुजके ओंडके असत. पक्षी तिथे कधी फिरकत नसत, म्हणून देलिमा पोरांना आरडाओरडा करायला मुद्दाम तिथे पाठवायची. ऑगस्टच्या सुरुवातीला अझेलीची आई कामावर जाताना तिला देलिमाकडे ठेवून गेली. भरती वर आली होती. दोघी धक्क्याच्या फळ्यांवरून चालत गेल्या आणि देलिमाने पलीकडे डोकावून बघितलं. खालची पट्टी हलत होती. टिलवे. गोट्यांपेक्षा पक्षी जास्त.

दोघी फळ्यांवर पालथ्या पडल्या आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या. अझेलीने तोंडावर हात धरला होता. निघताना देलिमा तिच्या कानात म्हणाली, "ही आपली दोघींची जागा. कळलं?" तिला फार बरं वाटलं. सोलांजकडे नसलेलं असं काहीतरी तिच्याकडे होतं.

पंधरा ऑगस्टला, एके काळी या किनाऱ्यावरून हुसकावलेल्या आमच्या लोकांचा सण. गावोगाव मिरवणूक निघते आणि लहानथोर सगळे पातेली, डबे, झाकणं बडवत चालतात, आम्ही अजून इथेच आहोत हे जगाला ऐकू जावं म्हणून. चिखलशाळेची पोरंही मिरवणुकीत असायची. सणाच्या दोन दिवस आधी देलिमाला दाताच्या डॉक्टरकडे शहरात जायचं होतं. त्याच्या आदल्या संध्याकाळी सोलांज तिच्या घरी भांडी पुसायला मदत करत होती.

"उद्या पोरांचा सराव घेते," ती म्हणाली. "पातेली घेऊन यायला सांगितलंय. पण पक्ष्यांना त्रास नको. टोकापासून लांब जायला हवं. जुन्या धक्क्यामागे नेते, तिथे ते नसतात ना? तूच सांगतेस नेहमी."

देलिमाच्या हातात बशी होती. तिने ती नीट पुसली, मागून पुसली, कपाटात ठेवली.

"हं," ती म्हणाली.

सगळा गुन्हा एवढाच. एक हुंकार.

दुसऱ्या दिवशी दात काढून, गाल सुजवून देलिमा बसमधून उतरली तेव्हा गावात तोच विषय होता. सोलांज पोरांची रांग घेऊन, पातेली आणि झाकणं बडवत, गाणं म्हणत धक्का ओलांडून गेली होती. पलीकडून सगळा थवा एकदम उठला. क्षणभर पोरांना वाटलं, आपल्यासाठीच काहीतरी गंमत झाली. आकाशात राखी चादर वळत होती, पांढरी होत होती, पुन्हा राखी. मग सोलांजला कळलं आणि तिने पातेली खाली ठेवायला लावली. पण पाणी काठोकाठ होतं, टोकाकडची पट्टी वाहून गेलेली, पक्ष्यांना टेकायला दुसरी जागाच नव्हती. ते फिरत राहिले, उतरायला येत आणि पोरांना बघून पुन्हा उठत. सोलांजने पोरांना गोळा करून मागे नेईपर्यंत वरून ससाणा आला. त्याने पोरांच्या डोळ्यांदेखत एक टिलवा हवेतल्या हवेत उचलला. पिसं लेओपोलच्या पातेल्यात पडली. पोरं रडत घरी गेली. पक्ष्यांवर देखरेख ठेवणारा गास्तों नावाचा म्हातारा पलीकडच्या बांधावरून धावत आला आणि सगळ्यांदेखत सोलांजला नाही नाही ते बोलला.

"बाहेरची आहे," दुकानातली बाई देलिमाला म्हणाली. "तिला काय कळणार? तू होतीस तेव्हा असं कधी झालं नाही."

सुजलेल्या तोंडाने देलिमाने मान हलवली. त्या संध्याकाळी तिने कोंबडीचा रस्सा केला, त्यात कणकेचे गोळे सोडले आणि हिरडी दुखत असूनही दोन वाडगे खाल्ला. रेआल तिच्याकडे बघत होता. "आज भूक चांगली आहे," तो म्हणाला. एवढंच.

सकाळी चिखलशाळा भरली. निम्मी पोरं आली होती. सोलांजचे डोळे सुजलेले होते. ती पोरांसमोर वाळूतच बसली.

"काल माझं चुकलं," ती म्हणाली. "मी आधी एकटीने जाऊन बघायला हवं होतं. बघितलं नाही. म्हणून पाखरांना खाल्लेलं सगळं उडण्यात घालवावं लागलं. आणि एक गेला."

"तुला माहीत नव्हतं ना," लेओपोल म्हणाला.

"नव्हतं."

"देलिमामावशीला माहीत होतं," अझेली म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं, ती फक्त मदत करत होती. "आम्ही दोघींनी बघितलं होतं. पोटावर झोपून. ती आमची जागा आहे. हो की नाही गं, मावशी?"

सोलांजने मान वर करून देलिमाकडे बघितलं. ती नजर देलिमाने पुढे कितीही वर्षं विसरायचं म्हटलं तरी विसरता आली नाही. मग सोलांज उठली, हातावरची वाळू झटकली आणि पोरांना म्हणाली, "चला, पाणी उतरलं. झिंगे शोधू या." आणि काहीच न घडल्यासारखी त्यांना घेऊन गेली.

देलिमा बांधावर बसून राहिली. लाज वाटत होतीच. पण खरं सांगायचं तर लाजेच्या आधी वेगळंच काहीतरी वर आलं होतं. हा मोठेपणाही सोलांजनेच घेतला, असं तिला वाटलं. निदान एवढा तरी माझ्यासाठी ठेवायचा.

दुपारी पोरं गेल्यावर सोलांज तिच्यासमोर येऊन उभी राहिली. आता तिच्यात मोठेपणा बिलकूल नव्हता.

"माझ्यावर राग होता तर माझ्या चहात मीठ घालायचंस," ती म्हणाली. "माझे बूट लपवायचे. पोरांना काय म्हणून मध्ये घेतलंस? त्या पाखराला काय म्हणून?"

"मी खोटं बोलले नाही," देलिमा म्हणाली.

"नाही. तू हं म्हणालीस."

देलिमाने पायाजवळचा एक गोटा उचलला आणि जसा होता तसा परत ठेवला.

"मी इथे कुणाला ओळखत नाही," सोलांज म्हणाली. "प्लासिद बोटीवर. तुमची बोलीसुद्धा मला अजून नीट कळत नाही, दुकानात लोक माझ्या उच्चारांवर हसतात. अख्ख्या गावात मला बघून धावत येतात ती ही पोरं. तेवढंही तुला बघवलं नाही?"

देलिमाने खोटं बोलायचा विचार केला. जमण्यासारखं होतं. पण हिरडी दुखत होती, ऊन चढलं होतं आणि आयुष्यभर हे लपवून ती थकली होती.

"नाही," ती म्हणाली. "नाही बघवलं."

सोलांज निघून गेली.

रविवारी प्रार्थना संपल्यावर, लोक अजून चर्चच्या पायऱ्यांवर गप्पा मारत असताना, देलिमा गास्तोंसमोर जाऊन उभी राहिली. पोरांच्या आया तिथेच होत्या. ती मोठ्याने म्हणाली, "गास्तों, पक्षी धक्क्यामागे बसतात हे मला माहीत होतं. सोलांजने मला विचारलं होतं. मी सांगितलं नाही. तू जे बोललास ते मला बोलायला हवं होतंस."

गास्तोंने टोपी काढली, पुन्हा घातली. "का नाही सांगितलंस?"

देलिमाने सगळ्यांकडे बघितलं. "पोरांना ती जास्त आवडते म्हणून," ती म्हणाली.

कुणीतरी मागे फिसकन हसलं. रेआलने तिचा हात धरला आणि गाडीकडे नेलं. वाटेत तो म्हणाला, "संत्र्यांच्या गोष्टीपेक्षा ही गोष्ट बरी आहे. हिच्यात तू निदान खरी तरी आहेस." गाडीत बसल्यावर तिला रडू आलं.

दोन आयांनी आपली पोरं काढून घेतली. त्या ऑगस्टात देलिमा पुन्हा किनाऱ्यावर गेली नाही. रोज सकाळी सोलांज पोरं घेऊन खिडकीखालून जायची आणि देलिमा पडद्याआडून बघायची. कुणाचा बूट उलटा आहे, कुणाला टोपी नाही, सगळं तिला दिसायचं. दिसायचं हेही, की सोलांज आता धक्क्यापाशी पोरांना थांबवते, एकटी पुढे जाऊन वाकून बघते, मग हात करते. माझ्याशिवाय ती हे शिकली, असं देलिमाला वाटायचं.

सप्टेंबरात, पक्षी निघून गेल्यावर, सोलांजच दारात आली. आत बसली नाही.

"मला या खाडीतलं निम्मं काही कळत नाही," ती म्हणाली. "पोरं जे विचारतात त्याची उत्तरं माझ्याकडे नाहीत. तू ये. पण यापुढे जे बघशील ते आधी मला सांगायचं. सगळं. आणि मी तुला माफ केलेलं नाही, हे लक्षात ठेव."

"ठेवीन," देलिमा म्हणाली.

देलिमा पुन्हा चिखलशाळेत गेली. मत्सर काही गेला नाही. तो तिच्या हाडात होता, पावसाळी हवेत गुडघा दुखावा तसा दुखायचा. फरक एवढाच पडला की ती आता तो बोलून टाकायची. सकाळी पोरं यायच्या आधी दोघी पावाचे तुकडे करत बसायच्या आणि देलिमा म्हणायची, "आज मला तुझ्या टोपीचा हेवा वाटतोय."

"काल पोरांनी फुलं खोचली म्हणून?"

"हो."

"घे मग, घाल."

"नको. माझ्या डोक्यावर कुणी खोचणार नाही, मग आणखी वाईट वाटेल."

सोलांज हसायची. माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही, आणि देलिमानेही कधी विचारलं नाही. पण जुलैत टोकाजवळ पहिला टिलवा दिसला की देलिमा धापा टाकत आधी तिच्याच दारात जायची.

पुढे अझेलीही मोठी होऊन बसने शहरात जायला लागली. नवी पोरं आली. त्यातल्या एका सगळ्यात लहान मुलीने, ऑलिव्हिनने, पहिल्या दिवशी चिखलात उतरताना घाबरून शेजारी जो हात होता तो धरला. तो देलिमाचा निघाला. मुलीने ओहोटीभर तो सोडला नाही. देलिमा हळूहळू चालत होती, तिला झिंगे दाखवत होती, दगड कसा परत ठेवायचा ते सांगत होती, आणि सोलांजकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

मग पाहिलं. हातातला हात सोलांजने बघितला की नाही, ते.